बार जोरात झाला!

वाशी म्हटलं की निम्म्या महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे खाडीपूल आणि घाऊक भाजीबाजार उभा राहतो. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीनं या गैरसमजाशी केव्हाच जुळवून घेतलं आहे. ही वाशी त्या वाशीपासून तीनेकशे किलोमीटर आत, बालाघाटाच्या माळावर, सोयाबीन आणि तुरीच्या मधोमध आहे. तिच्याकडे खाडी नाही, पण तालुक्यात तेरखेडा आहे, आणि तेरखेडा म्हणजे फटाके. सोलापूर–धुळे महामार्गावरून जाणाऱ्याला दिवाळी जवळ आल्याचं पंचांगाआधी तिथली दुकानं सांगतात. धंदा जोखमीचा, स्फोटांच्या बातम्याही तिथून आलेल्या आहेत, आणि तिथं विनोदानं थांबलेलं बरं. पण एवढं खरं की दारूच्या बाबतीत या तालुक्याचा कान तयार आहे. (दारू शब्दावरून सुचणारा दुसरा विनोद या लेखात नाही, तो वाचकानं आपापल्या जबाबदारीवर करून घ्यावा.) फटाक्याचा न्याय कानानं होतो आणि तो रास्तच आहे. फटाका कुठं गेला, असं कोणी विचारत नाही. तो जिथं होता तिथंच संपतो. घोटाळा होतो तो हाच कानाचा न्याय ठासणीच्या बंदुकीला लावला की.

ठासणीची बंदूक म्हणजे तोंडाकडून भरायची बंदूक. आधी काळी दारू, मग गोळी किंवा छर्रे, वरून गजानं ठासणी, आणि शेवटी कानाशी रंजक नाहीतर टोपी. काडतूस ही फार पुढची चैन. ही वस्तू आता फक्त संग्रहालयात, धूळ खात, चुकीच्या माहितीच्या पाटीखाली असेल असं वाटण्याचा संभव आहे. पण आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात तिचं नाव घेऊन सोय केलेली आहे: खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक. कायदा करणाऱ्यांना रानडुक्कर ठाऊक होतं. तूर शेंगांनी लगडली की रात्रीतून कळप येतो आणि खातो त्याच्या तिप्पट लोळवतो. रोही येतात, हरणं येतात, आणि शेतकरी बॅटरी, पत्र्याचा डबा आणि शिव्या या तिन्ही शस्त्रांनिशी बांधावर उभा राहतो. यातली एक गंमत रसायनाची आहे. काळ्या दारूत साधारण तीन चतुर्थांश सोरा, उरलेल्यात कोळसा आणि गंधक. आणि हिंदुस्थानात दारूसाठी जे कोळसे नावाजलेले होते त्यांत तुराट्यांचा कोळसा होता. म्हणजे ज्या तुरीवर डुक्कर पडतं, तिच्याच काड्या जाळून त्याच्यावर बार काढायचा. एवढं स्वावलंबन तर सरकारी योजनेतही सापडत नाही.

आता अशी बंदूक भरायची कशी? रूढ पद्धत सगळ्यांना माहीत आहे. शिंगातून दारू तळहातावर घ्यायची, नजरेनं जोखायची, कमी वाटली की अजून थोडी, आणि मग 'असू दे' म्हणून आणखी थोडी. गोळी सापडेल ती. ठासणी रागाच्या प्रमाणात. बार उडाला की शिवारभर आवाज घुमतो, धुराच्या लोटात बंदूकवाला दिसेनासा होतो, खांदा दोन दिवस दुखतो, आणि जमलेली मंडळी एकमुखानं निकाल देतात: बार जोरात झाला! गोळी कुठं गेली हे विचारणारा माणूस त्या घोळक्यात अरसिक ठरतो. माझं म्हणणं एवढंच आहे की हा अरसिक माणूसच बरोबर आहे. ठासणीच्या बंदुकीचा नेम दारू वाढवून सुधारत नाही. बहुतेक वेळा तो दारू कमी करून, गोळी नळीत नीट बसवून आणि प्रत्येक बार आधीच्या बारासारखाच भरून सुधारतो. आणि ते नेमकं माप त्या एका नळीचं असतं, तिच्या शेजारणीचंही नाही. हे म्हणणं रुचकर नाही याची कल्पना आहे. मोठ्या आवाजाच्या बाजूनं शौर्य, परंपरा आणि लग्नाची वरात उभी आहे. माझ्या बाजूनं काही मोजमापं आहेत.

पहिला साक्षीदार बेंजामिन रॉबिन्स. हा इंग्रज गणिती १७४२ साली तोफविद्येवर पुस्तक लिहून बसला, आणि पुस्तक लिहिण्याआधी त्यानं एक अत्यंत अडाणी दिसणारी गोष्ट केली: लाकडाचा जड ठोकळा टांगला, त्यावर बंदूक झाडली आणि ठोकळा किती मागं झुलला ते मोजलं. ठोकळ्याचं वजन माहीत, गोळीचं माहीत, झोका माहीत. गोळीचा वेग कागदावर उतरला. तोवर दोनतीनशे वर्षं जगभर बंदुका उडत होत्या आणि गोळीचा वेग किती हे ठामपणे कोणालाच सांगता येत नव्हतं. आवाज मात्र सगळ्यांना माहीत होता. मग रॉबिन्सनं तोच ठोकळा दूर नेला आणि तिथवर जाता जाता गोळी किती मंदावते ते पाहिलं. निघालं ते असं की वेगानं सुटलेल्या गोळीला हवा तिच्या स्वतःच्या वजनाच्या शंभरपटीहून अधिक जोरानं अडवते. विद्वान लोक तोपर्यंत गोळी सुबक वक्रानं जाते असं गृहीत धरून पल्ल्याची कोष्टकं करत होते. त्या हिशेबानं चोवीस पौंडी गोळा पुऱ्या दारूनिशी सोळा मैल जायला हवा होता. प्रत्यक्षात तो तीन मैलही जात नव्हता. उरलेले तेरा मैल हवेनं खाल्ले. याचा दारूशी संबंध असा की जितक्या जोरात गोळी हाकावी तितक्या जास्त जोरात हवा तिला अडवते. जादा दारूनं कमावलेला वेग नळीबाहेर पडल्या पडल्या हवेच्या घशात जायला लागतो. 'दारू कमी केली तर गोळी पोचायची नाही' हा जो पहिला आक्षेप नेहमी येतो, त्याचं निम्मं उत्तर यात आहे. रॉबिन्सनं पुढं आपल्या आरमारालाही हाच सल्ला दिला: दारू कमी करा, गोळा मोठा घ्या. आरमारानं तो सल्ला ज्या वेगानं मानला तो पाहता हवेचा अडथळा काहीच नव्हता असं म्हणावं लागेल. स्वतः रॉबिन्स ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली मद्रासेच्या दक्षिणेला सेंट डेव्हिडच्या किल्ल्यात वारला. वाशीपर्यंत पोचला नाही; पोचला असता तर त्याला ऐकणारी माणसं मिळाली असती असंही म्हणवत नाही.

उत्तराचा उरलेला अर्धा भाग चार्ल्स हटन या त्याच्या वारसाकडे आहे. त्यानं वुलिचला वर्षानुवर्षं तोफा उडवून काढलेला हिशेब साधा आहे: गोळ्याचा वेग दारूच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. भाषांतर करायचं तर दुप्पट वेग हवा असेल तर चौपट दारू लागते; दारू दुप्पट केली तर वेग जेमतेम चाळीस टक्के वाढतो, खर्च मात्र शंभर टक्के. त्याहून मौजेची त्याची दुसरी नोंद. एका मर्यादेपर्यंत दारू वाढवली की वेग वाढतो, त्या मर्यादेपुढं वाढवली की उलट कमी व्हायला लागतो, आणि ही मर्यादा प्रत्येक तोफेची आपली आपली असते. कारण उघड आहे. नळीची लांबी ठरलेली, गोळी निघून गेली की मागं जळणारी दारू कोणाच्या कामाची? ती तोंडाशी जळते, डोळे दिपवते, आवाज देते आणि प्रेक्षक जिंकते. त्यातून काळी दारू मुळातच उधळी. नोबल आणि एबल या जोडीनं १८७५ मध्ये बंद भांड्यात दारू जाळून जे मोजलं त्यात वजनानं निम्म्याहून कमी भागाचाच वायू होतो, सत्तावन्न टक्क्यांच्या आसपास घन पदार्थ उरतो. तोळाभर दारूतला निम्म्याहून जास्त माल गोळीला ढकलत नाही. तो धूर म्हणून बाहेर जातो किंवा काळं किटण होऊन नळीत बसतो. दारू वाढवणारा माणूस आपण बळ वाढवतो आहोत असं समजतो. खरं तर तो पुढच्या बाराची वाट किटणानं अरुंद करत असतो, आणि तिसऱ्याचौथ्या बाराला गोळी गजानं खाली जाईना म्हणून बंदुकीच्या कारागिराला नावं ठेवतो.

पुस्तकी म्हणून हे सोडून द्यायचं असेल तर फौजेचा दाखला घ्या. कंपनी सरकारच्या शिपायाच्या हातात वर्षानुवर्षं जी गुळगुळीत नळीची बंदूक होती, तिच्या एका काडतुसात सुमारे सहा ड्राम दारू असे, म्हणजे तोळ्याला जराशी कमी. नळीचं तोंड पाऊण इंच आणि गोळी त्याहून दीडेक मिलिमीटरनं बारीक, कारण किटण धरलेल्या नळीतूनही ती घाईत खाली घरंगळली पाहिजे. परिणाम असा की सुटताना गोळी नळीच्या भिंतींवर आपटत, ठेचकाळत बाहेर यायची आणि शेवटची ठेच ज्या बाजूला लागेल त्याच्या उलट बाजूला जायची. शंभर पावलांपुढं एका माणसावर नेम धरणं म्हणजे नवसाचा प्रकार होता. म्हणून तर पलटणी एकत्र रांगेत बार काढत, कोणाची ना कोणाची लागेलच या हिशेबानं. नंतर १८५३ ची एन्फिल्ड आली. तीही तोंडाकडूनच भरायची. पण नळीला आतून आटे, आणि गोळी अशी की बार होताच ती पसरून आट्यांत घट्ट बसावी. तिची दारू किती? अडीच ड्राम. साडेचार मासे! जुन्या बंदुकीच्या निम्म्याहूनही कमी. आणि तिच्या माशीपट्टीवर नऊशे यार्ड आणि त्यापुढचे आकडे खोदलेले होते. दारू कमी झाली आणि नेम लांबला, कारण गोळी नळीत बसायला लागली. तिच्या काडतुसाला जी चरबी लावत ती याच कामाची होती: गोळी सुळकन उतरावी आणि किटण मऊ राहावं. त्या चरबीपायी १८५७ मध्ये काय झालं ते सांगायची गरज नाही. गोळीच्या वंगणाला क्षुल्लक समजणाऱ्यानं मात्र एवढं ध्यानात घ्यावं की त्यावरून एक कंपनी बुडाली.

इथं कोणीतरी मुलूख मैदान तोफ पुढं ओढणार हे निश्चित, आणि ओढू द्यावी, कारण ती आपल्याच जिल्ह्यातून गेली आहे. १५४९ साली अहमदनगरला महंमद बिन हुसेन रूमी यानं ओतलेली, पंचावन्न टन वजनाची, सव्वादोन फुटांहून मोठ्या तोंडाची ही तोफ परांड्याच्या किल्ल्यात होती; १६३२ मध्ये मुरार जगदेवानं ती विजापूरला नेली. दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसं लागली असं सांगतात. आक्षेप असा की आमचे पूर्वज एवढी अवाढव्य तोफ ठासून भरत होते, ते काय वेडे होते? मुळीच नव्हते. उलट ही तोफ ज्या तोफखान्यातली, तो तोफखाना माझ्याच बाजूनं साक्ष देतो. परंपरा सांगते की १५६५ च्या राक्षसतागडीच्या लढाईत निजामशाहीच्या तोफखान्याचा सरदार चलबी रूमीखान यानं तोफांमध्ये गोळ्यांऐवजी तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या ठासल्या आणि शत्रू अगदी अंगाशी आल्यावर बार काढला. एका बारात एवढी रोकड वाटल्याचं उदाहरण पुढं बरीच शतकं, म्हणजे निवडणुका सुरू होईपर्यंत, सापडत नाही. पण पाहा, त्यानं काय केलं: पल्ला सोडला, अंतर ठरवलं, आणि त्या अंतराला शोभेल असा माल नळीत घातला. हा मापाचा विचार आहे, मुठीचा नव्हे. याउलट पानिपत. अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी असलेल्या काशीराजानं लिहून ठेवलं आहे की मराठ्यांच्या तोफा फार मोठ्या आणि जड, त्यांची पातळी चटकन बदलता येईना, त्यामुळे गोळे डोक्यांवरून जाऊन मैलभर मागं पडू लागले. आवाजात कमतरता होती असं त्यानंही कुठं म्हटलेलं नाही. राहता राहिली मुलूख मैदानची किंमत. १८५४ मध्ये साताऱ्याच्या कमिशनरनं ती लिलावात काढायला लावली, तर सर्वांत मोठी बोली आली दीडशे रुपयांची. इतक्या कमी पैशात द्यायला हाताखालच्या साहेबाचं मन धजलं नाही म्हणून ती अजून विजापूरच्या बुरुजावर आहे. पंचावन्न टनांना दीडशे. भंगारवाल्यांची एकजूट तेव्हाही होती.

आजोबांचा आक्षेप याहून अवघड आहे, कारण तोफेला उत्तर देता येतं, आजोबांना देता येत नाही. 'आमचे आजोबा मुठीनं दारू टाकायचे आणि पळत्या सशाला लोळवायचे. त्यांच्याकडे कुठलं आलंय माप?' यात एक गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी की घराण्याच्या इतिहासात फक्त लागलेल्या बारांची नोंद होते. चुकलेल्या बाराचा एकमेव साक्षीदार ससा, आणि तो जबाब द्यायला थांबत नाही. तरीही मी आजोबांचा नेम खरा मानायला तयार आहे. पण मग तो कशामुळे खरा होता? तीस-चाळीस वर्षं एकच बंदूक, एकाच साच्यात ओतलेली शिशाची गोळी, एकाच हातची मूठ. सवयीनं मुठीत येणारी दारू रोज तेवढीच. तो हात म्हणजेच माप झालेला होता, आणि त्या मापाला ती नळी पुरती ओळखीची झाली होती. म्हणजे आजोबा माझ्याच पक्षाचे; फक्त त्यांनी ते लिहून ठेवलं नाही. नातवाला वारसा हक्कानं बंदूक मिळाली, मूठ मिळाली नाही. तो आपल्या मुठीनं आजोबांची बंदूक भरतो आणि वरून आजोबांच्या नेमाचा हवाला देतो.

मग माप शोधायचं कसं, याचं उत्तर जगभरचे ठासणीवाले जवळजवळ एकाच तऱ्हेनं देतात, आणि ते उत्तर कंटाळवाणं आहे हीच त्याची अडचण. बंदूक हातात न धरता वाळूच्या पिशव्यांवर टेकवायची, म्हणजे आपला थरथराट तिच्या नावावर जाणार नाही. पाठीमागं भक्कम मातीचा बांध हवा. काळी दारू वजनापेक्षा आकारमानानं मोजतात. म्हणून एक ठरलेलं नळकांडं, त्यात दारू प्रत्येक वेळी तशीच भरून काठाशी सपाट केलेली. माफक मापानं सुरुवात करायची आणि पाच बार काढायचे. इथं माणसाची पहिली परीक्षा होते, कारण पाचांपैकी एखादी गोळी निशाणाच्या मधोमध लागते आणि माणूस तिच्या प्रेमात पडतो. ती एक गोळी निरर्थक आहे. पाहायचं ते पाचही गोळ्यांचा पुंजका किती आवळ आहे ते. तो निशाणाच्या डावीकडे खाली पडला तरी चालेल, माशी हलवून तो मधे आणता येतो. पांगलेल्या गोळ्यांना मात्र माशी काही करू शकत नाही. मग दारू किंचित वाढवायची, बाकी काही बदलायचं नाही, पुन्हा पाच. पुंजका आवळत जातो, एका ठिकाणी सर्वांत आवळ होतो आणि त्यापुढं पुन्हा फाकतो. फाकायला लागला की मागं यायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम कागदावर सोपा वाटतो. पण दारू बदलली, त्याच वेळी गोळी दुसऱ्या साच्यातली घेतली, चिंधी वेगळ्या धोतराची फाडली, आणि पुंजका सुधारला, तर श्रेय कोणाला द्यायचं? अशा वेळी श्रेय बहुधा सगळ्यात महाग वस्तूला मिळतं.

चिंधीबद्दल थोडं थांबून सांगितलं पाहिजे, कारण सगळ्या खटल्यात खरी साक्ष तिचीच. आट्याच्या नळीत गोल गोळी भरताना तिच्याभोवती तेलातुपात भिजवलेली सुती चिंधी गुंडाळतात. गोळी आणि नळी यांच्यातली फट ती भरून काढते आणि आट्यांची पकड गोळीपर्यंत पोचवते. बार झाल्यावर ती थोड्या अंतरावर जमिनीवर पडते. बहुतेक लोक तिला ओलांडून निशाणाकडे धावतात. जाणता माणूस आधी ती उचलतो. मधोमध जळून भोक पडलं असेल तर दारू जास्त आहे किंवा कापड पातळ. कडेनं कातरल्यासारखी फाटली असेल तर नळीच्या तोंडाशी धार आहे किंवा गोळी वाजवीपेक्षा घट्ट. नुसती काळवंडून शाबूत राहिली असेल तर सगळं ठीक चाललंय. कोर्टात एवढा स्पष्ट पंचनामा क्वचित वाचायला मिळतो. तसंच शिशाचं. ओतलेल्या गोळ्या तराजूवर घातल्या की एखादी हलकी निघते. तिच्या पोटात हवेचा बुडबुडा असतो, आणि असली गोळी हवेत भोवऱ्यासारखी एका अंगाला झुकत जाते. ती परत वितळवायची. दोन बारांच्या मधे ओल्या चिंधीनं नळी पुसायची, कारण पहिला बार स्वच्छ नळीतून आणि पाचवा किटणातून काढला तर ते दोन वेगळ्या बंदुकांचे बार झाले. आणि ठासताना जोर दर वेळी तेवढाच, गोळी दारूला भिडलेली. मधे पोकळी राहिली तर नेमाचा प्रश्न उरत नाही, नळीच फुटण्याचा प्रश्न येतो. गजावर खूण करून ठेवली की गोळी पूर्ण खाली गेली का ते कळतं. अशी खूण करायला एक मिनिट लागतं आणि न करण्याला एक बोट.

एवढा खटाटोप करून माप सापडलं की ते लगेच गावभर पसरतं, आणि इथून दुसरा अनर्थ सुरू होतो. 'अमक्याच्या बंदुकीला इतकी दारू फार छान बसते' ही माहिती सोयऱ्याच्या सोयऱ्यापर्यंत जाते आणि सगळे तीच घालून बघतात. जसं एका चुलीवर जमलेली भाकरी दुसऱ्या चुलीवर त्याच वेळात करपते, तसा हा प्रकार. नळीची लांबी, तोंडाची रुंदी, आट्यांचा पीळ, कानाचं भोक, शेवटी लोहाराचा त्या दिवशीचा मूड, हे सगळं नळीत असतं. हलका पीळ गोल गोळीला मानवतो, घट्ट पीळ लांबोळक्या गोळीला. उलट केलं की दोघीही रुसतात. एकाच कारागिराच्या, एकाच आठवड्यात केलेल्या दोन बंदुका वेगवेगळी मापं मागतात, हे सगळ्या नेमबाजांचं रडगाणं आहे. दुसऱ्याचं माप सुरुवात कुठून करायची एवढं सांगू शकतं. त्यावर थांबणं म्हणजे शेजाऱ्याच्या चष्म्यानं पेपर वाचणं. अक्षरं दिसतात, पण पेपर कोणता ते कळत नाही.

शेवटचा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो सगळ्यांत वजनदार. राखणीला नेम हवाच कशाला? डुक्कर परवानगीशिवाय मारता येत नाही, वन्यजीव कायदा आहे. आम्हाला तर नुसतं हुसकवायचं आहे, आणि त्यासाठी आवाज पुरे. मुद्दा खरा आहे, आणि तो मी पूर्ण मान्य करतो. नुसता आवाजच हवा असेल तर नळीत गोळी घालूच नये. कोरा बार काढावा, आणि सगळा वाद तिथं मिटतो. पण गोळी घालायची आणि ती कुठं जाते याची फिकीर करायची नाही, हे दोन्ही एकदम चालणार नाही; कारण ती हवेत विरघळत नाही, शेजारच्या शिवारात कुठंतरी उतरते, आणि तिथंही कोणीतरी पत्र्याचा डबा घेऊन उभा असतो. शिवाय डुकरं आपल्यापेक्षा लवकर शिकतात. रोज त्याच वेळी, त्याच बांधावरून तोच आवाज येऊ लागला की काही दिवसांत कळप मान वर करतो, ऐकतो आणि पुन्हा खायला लागतो. कान तयार व्हायला तेरखेड्यातच राहावं लागतं असं नाही. यावर कोणी शहाणा फटाक्यातली दारू काढून बंदुकीत घालायला सुचवतो, आवाज आणखी मोठा व्हावा म्हणून. हे कधीही करू नये. मोठ्या आवाजाच्या फटाक्यात ॲल्युमिनियमच्या भुकटीचं जे मिश्रण असतं ते काळ्या दारूसारखं जळत जात नाही, एकदम फुटतं, आणि गोळीला वाट देण्याआधी नळीच फोडतं. आवाज खरोखर मोठा होतो. तो ऐकून झाल्यावर दाद द्यायला हात शिल्लक राहतील याची खात्री नाही.

एवढं सगळं मोजणारी माणसं असतात कुठं, अशी शंका राहते. असतात, आणि त्यांची जागतिक संघटनाही आहे: मझल लोडर्स असोसिएशन्स इंटरनॅशनल कमिटी. तिच्या स्पर्धांत तोड्याच्या बंदुकीचा एक प्रकार आहे, त्याचं नाव तानेगाशिमा. पोर्तुगीजांनी १५४३ मध्ये ज्या जपानी बेटावर पहिल्यांदा बंदूक उतरवली त्या बेटावरून ठेवलेलं. पन्नास मीटरवर, उभ्यानं, पेटता तोडा हाताशी घेऊन लोक नेम धरतात, आणि वर्गात पेपर सोडवावा इतक्या शांततेत धरतात. अर्ध्या तासात तेरा बार, त्यांतले सर्वोत्तम दहा धरायचे, असा नियम आहे. मनुष्यस्वभाव ओळखून तीन चुका आधीच वजा केलेल्या. आजोबांच्या कथा ज्या तत्त्वावर रचल्या जातात तेच तत्त्व, फक्त इथं त्याला आकडा आहे. त्या तेरा बारांना लागणारी दारू प्रत्येक जण घरून छोट्या छोट्या नळ्यांत मोजून आणतो, कारण रेंजवर शिंगातून थेट नळीत ओतायला बंदीच असते. कुठं एखादी ठिणगी धुमसत राहिली असेल तर सगळं शिंगच हातात फुटायचं. आपल्याकडे परवान्यावर किती दारू बाळगता येईल हे लिहिलेलं असतं, आणि हा हिशेब मोठ्या आवाजाच्या भक्तांनाही पटावा असा आहे: तेवढ्याच दारूत जुन्या मापानं दोन बार निघतात, तर एन्फिल्डच्या मापानं चार होऊन वर थोडी शिल्लक राहते. उरलेली दिवाळीला वापरावी.